हजार शब्दांचा अभ्यास-निबंध: विषय मिळाल्यापासून जमा करेपर्यंत

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मॅडम फळ्यावर एक ओळ लिहितात, "१९७२ चा दुष्काळ, १००० शब्द, पुढच्या सोमवारी जमा," आणि तास संपतो. त्या ओळीचं पुढे करायचं काय, हे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. निबंध लिहायची सवय असते, पण ती 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'मी नदी बोलतेय' यांची. तिथे कल्पना फुलवायची, म्हणी पेरायच्या, शेवटी कवितेची ओळ टाकायची. अभ्यास-निबंधात हीच सवय आडवी येते. इथे तपासणारा तीनच गोष्टी शोधत असतो: तुम्ही प्रश्न कोणता घेतलात, उत्तर काय दिलंत आणि ते कशाच्या आधारावर दिलंत.

असे निबंध मी बरीच वर्षं तपासतो आहे. माहिती कमी पडली म्हणून फसलेले निबंध मला क्वचितच भेटले. माहिती भरपूर असते, प्रश्न मात्र सापडत नाही. म्हणून या लेखात लिहिण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे, तसाच तुमचा आठवडाही वाटून घ्या. उदाहरणासाठी वरचाच विषय शेवटपर्यंत धरतो. तुमचा विषय अर्थशास्त्राचा असो की मराठी साहित्याचा, रीत तीच.

पहिले दोन दिवस: ओळीतून प्रश्न काढा

'१९७२ चा दुष्काळ' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. नुसत्या विषयावर लिहायला बसलं की हात आपोआप कारणे, स्वरूप, परिणाम, उपाययोजना या चार डब्यांत माहिती भरू लागतो. गाइडमधलं उत्तर तयार होतं, निबंध होत नाही.

एक कोरा कागद घ्या आणि विषयाखाली सुचतील तेवढे प्रश्न लिहा. बरे-वाईट ठरवू नका, दहाबारा होऊ द्या. मग एकेक तपासा.

'दुष्काळाचे परिणाम काय झाले?' याला हजार शब्द पुरणार नाहीत, हजार पानंही कमी पडतील. 'हा दुष्काळ भीषण होता का?' यावर कुणीच 'नव्हता' म्हणणार नाही, म्हणजे सिद्ध करायला काही उरलं नाही. 'दुष्काळी कामांवर (म्हणजे दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने काढलेल्या कामांवर) स्त्रिया इतक्या मोठ्या संख्येने का आल्या?' हा चांगला प्रश्न आहे. 'लागोपाठ पिकं बुडूनही जुन्या दुष्काळांसारखी प्रचंड मनुष्यहानी का झाली नाही?' हाही चांगला. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर लिहिलं आहे, त्यामुळे वाचायला साहित्य मिळेल. आणि तिसरा, जो मी पुढे वापरणार आहे: 'दुष्काळी कामांतून रोजगार हमीचा, म्हणजे मागेल त्याला काम देण्याचा, कायदा कसा निघाला?'

चांगला प्रश्न ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. शेजारच्या बाकावरच्या मित्राला तो विचारा. त्याला उत्तर लगेच देता आलं तर प्रश्न फार सोपा. त्याने "कुठून सुरू करू?" असं विचारलं तर फार मोठा. तो दोन क्षण थांबला आणि "तसं नसेल रे, कारण..." असं म्हणाला, तर प्रश्न सापडला.

प्रश्नपत्रिकेतून विषय आला असेल तर त्यातलं क्रियापद अधोरेखित करा. 'वर्णन करा' म्हणजे काय घडलं ते सांगा. 'चिकित्सा करा' म्हणजे जे सांगितलं जातं ते कितपत टिकतं ते तपासा. 'तुलना करा' असेल तर दोन्ही बाजू एकाच मापाने मोजा. अर्धा निबंध एकीवर आणि अर्धा दुसरीवर लिहिला की तुलना होत नाही. 'चिकित्सा करा' या प्रश्नाला वर्णनाचं उत्तर लिहून गुण गमावणारे दरवर्षी भेटतात.

वाचन: थोडं, पण हातात पेन घेऊन

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा. त्यातून सनावळी आणि नावं कळतात, पुढे काय शोधायचं ते कळतं. विकिपीडियाचाही तेवढाच उपयोग. मग एखाददुसरा गंभीर लेख किंवा पुस्तकातलं एक प्रकरण. कॉलेजच्या ग्रंथालयात 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे अंक येतात का पाहा. दुष्काळ आणि रोजगार हमी यांवर त्यात बरंच छापून आलं आहे. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात. प्रबंध अख्खा वाचू नका. अनुक्रमणिका बघा, एक प्रकरण वाचा आणि मागची संदर्भसूची चाळा. त्या सूचीत तुमची पुढची तीन पुस्तकं बसलेली असतात. ग्रंथपालांना विषय न सांगता प्रश्न सांगा, तेही जास्त नेमकं काढून देतात.

वहीत टिपण घेताना एक शिस्त पाळा, बाकीच्या मोडल्या तरी चालतील: टिपणाच्या आधी लेखक, पुस्तक आणि पान क्रमांक लिहा. "नंतर लिहू" म्हटलं की तो पान क्रमांक गेला. शब्दशः उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत, आणि स्वतःच्या शब्दांत मांडलेलं चिन्हांशिवाय. आठ दिवसांनी वही उघडल्यावर कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं हे आठवत नाही. वाङ्मयचौर्याची निम्मी प्रकरणं लबाडीतून होत नसावीत, अशा गबाळ्या वह्यांतून होत असावीत असा माझा अंदाज आहे.

वाचनाने तुमचा समज बदलला पाहिजे. न बदलेल तर एक तर तुम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं, किंवा लक्ष देऊन वाचलं नाही. आपल्या उदाहरणात हे फार छान घडतं. बहुतेक विद्यार्थी "१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने लोकांना वाचवलं" या समजुतीने सुरुवात करतात. वाचत गेलं की लक्षात येतं, १९७२-७३ मध्ये लाखो लोक ज्यांवर राबले ती मुख्यतः सरकारची दुष्काळी कामं होती. मे १९७३ च्या सुमारास त्यांवरची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. हमीचा कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, म्हणजे दुष्काळ सरून बऱ्याच वर्षांनी. उलट कल्पना मात्र दुष्काळाच्या आधीची: विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात साठच्या दशकातच ती करून पाहिली होती. आता प्रश्नाला धार आली. कल्पना आधी, दुष्काळ मध्ये, कायदा नंतर. मग दुष्काळाने नक्की काय केलं?

घरात किंवा गावात सत्तरीपलीकडचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ तासभर बसा. "दुष्काळ कसा होता?" असं विचारलंत तर "लई वाईट दिवस होते पोरा" एवढंच मिळेल. त्याऐवजी बारीक विचारा. खडी फोडायला किती लांब जायचात? मजुरी आठवड्याला मिळायची की पंधरवड्याला? मिलोची (तेव्हा परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी कशी लागायची? सुकडी (कामांवर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) कुणाला मिळायची? कामावर तान्हं पोर कुठे ठेवायचात? अशा प्रश्नांनी माणूस त्या बांधावर परत जाऊन उभा राहतो. एक सावधगिरी बाळगा: आजी 'रोजगार हमी' म्हणाल्या तरी त्यांना १९७३ ची दुष्काळी कामं म्हणायचं असेल किंवा १९८० नंतरची हमीची, बोलण्यात दोन्ही एकच झाली आहेत. मोठा मुलगा तेव्हा केवढा होता, लग्न झालं होतं का, असं विचारून साल पक्कं करा. मुलाखतीची तारीख आणि गाव वहीत लिहा, निबंधात नाव वापरायचं तर परवानगी घ्या.

एआयबद्दल विचाराल म्हणून सांगतो. अवघड इंग्रजी उतारा समजून घ्यायला, सुचलेल्या प्रश्नांवर उलटसुलट बोलायला वापरा. तुमच्या कॉलेजचा त्याबद्दल नियम असेल तर तो आधी वाचा. पण त्याने दिलेलं पुस्तक किंवा लेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संदर्भसूचीत टाकू नका. अस्तित्वातच नसलेली पुस्तकं तो लेखक, प्रकाशक, सालासकट देतो. अशी सूची मी एकदा वाचली. अर्ध्या तासात सहापैकी एकही पुस्तक सापडलं नाही.

उत्तर एका वाक्यात

आराखड्याआधी हे काम करा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहा. पहिल्या फटक्यात ते असं येईल: "दुष्काळाचा रोजगार हमी कायद्यावर मोठा प्रभाव पडला." हे पोकळ आहे, 'प्रभाव'च्या जागी काहीही बसवता येईल. पुन्हा लिहा: "दुष्काळामुळे रोजगार हमी कायदा झाला." आता काहीतरी म्हटलं आहे, पण ते अर्धवट खरं आहे, कल्पना तर आधीची होती. तिसऱ्यांदा: "हमीची कल्पना दुष्काळाआधीची होती, इतक्या लोकांना एका वेळी काम देता येतं हे दुष्काळी कामांनी दाखवून दिलं, म्हणून ती कायद्यापर्यंत पोहोचली." या वाक्यावर वाद घालता येतो आणि निबंधाचे तुकडेही त्यातच दिसतात. हे वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहून चिकटवा. पुढे जे जे लिहाल ते याला धरून आहे का, एवढंच विचारत राहा.

मग आराखडा. त्याला आकडे, उपआकडे, रंगीत पेनं काही लागत नाही. पाठकोऱ्या कागदावर सहा-सात ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे एक परिच्छेद आणि प्रत्येक ओळ पूर्ण वाक्य. 'पागे' एवढंच लिहू नका. 'पागे यांच्या प्रयोगात हमी होती, पण तो एका भागापुरता होता' असं लिहा. वाक्य लिहिता येत नसेल तर त्या परिच्छेदात काय सांगायचं हे अजून ठरलेलं नाही.

आमच्या निबंधाच्या ओळी साधारण अशा होतील: आधीचा प्रयोग, दुष्काळी कामांचा पसारा, काम काढायची, मोजायची, मजुरी वाटायची यंत्रणा कशी उभी राहिली, दुष्काळी काम आणि हमीचं काम यांतला फरक, पैसा कुठून आला, आणि 'दुष्काळ पडला नसता तरी कायदा झाला असता' या आक्षेपाला उत्तर. पैशाच्या ओळीत एक गंमत आहे. १९७५ चा व्यवसाय कर याच योजनेसाठी बसवला गेला. घरच्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर 'पी. टी.' म्हणून कापली जाणारी रक्कम ती हीच. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुरीची सोय झाली, हा मुद्दा एकट्याने अख्खा परिच्छेद पेलतो.

याच टप्प्यावर काय गाळायचं तेही ठरतं. १९७२ मध्येच मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. वाचताना हे सापडतं, आवडतं आणि घालायचा मोह होतो. पण आपल्या वाक्याशी त्याचा संबंध नाही. वहीत ठेवा, पुढच्या सत्राला स्वतंत्र निबंध होईल.

कच्चा खर्डा

प्रस्तावनेपासून लिहायला बसू नका. काय लिहिणार आहोत हे अजून आपल्यालाच नीट ठाऊक नसतं, म्हणून प्रस्तावनेत "भारत हा कृषिप्रधान देश आहे" येतं आणि तिथून १८७६-७८ च्या दुष्काळापर्यंत दीड पान जातं. ज्या परिच्छेदाबद्दल सर्वांत खात्री आहे तो आधी लिहा. एका बैठकीत सगळा खर्डा झाला तर उत्तम. शब्द अडला तर रिकामी जागा सोडा, आकडा आठवला नाही तर फुली मारा आणि पुढे चला. शुद्धलेखनाला आज हात लावायचा नाही.

परिच्छेद कसा असावा हे सांगण्यापेक्षा दाखवतो. गठ्ठ्यात हमखास भेटणारा नमुना हा:

"१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. या दुष्काळात जनतेचे अतोनात हाल झाले. शासनाच्या वतीने विविध उपाययोजना राबविण्यात आल्या. रोजगार हमी ही एक अतिशय महत्त्वपूर्ण योजना होती. तिच्या माध्यमातून पाझर तलाव, रस्ते इत्यादी कामे मोठ्या प्रमाणावर करण्यात आली."

पाच वाक्यं, पाचही सुटी. कुठलंही वर-खाली केलं तरी फरक पडत नाही, आणि चौथं तर सालात चुकलं आहे. आता हे वाचा:

"दुष्काळी काम आणि हमीचे काम यांतला फरक खड्डा खणणाऱ्याला दिसला नसेल, पण कायद्यात तो मोठा आहे. १९७२-७३ मध्ये काम कुठे काढायचे आणि किती दिवस चालवायचे हे सरकार ठरवत होते. १९७७ च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क मजुराला दिला. १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. दुष्काळी कामांनी यंत्रणा उभी केली होती, मात्र त्या यंत्रणेला जाब विचारण्याची सोय कायद्याने झाली."

पहिलं वाक्य परिच्छेदाचा दावा सांगतं, मधली तीन त्याचा पुरावा देतात आणि शेवटचं निबंधाच्या मुख्य वाक्याला जोडून देतं. प्रत्येक परिच्छेद याच साच्याचा केला तर निबंध कवायतीसारखा वाटेल, पण पहिल्या चार-पाच निबंधांना हा साचा धरा. हात बसला की मोडा.

अवतरणं मोजकी घ्या. त्याच शब्दांची गरज असेल तेव्हाच दुसऱ्याचे शब्द, नाहीतर आपल्या भाषेत सांगून संदर्भ द्या. इंग्रजी लेखाचा आधार घेताना वाक्यागणिक भाषांतर करू नका. उतारा वाचा, मिटा आणि मैत्रिणीला सांगावं तसं लिहा.

आक्षेपाच्या परिच्छेदाला विद्यार्थी घाबरतात, आपलंच म्हणणं कमकुवत होईल असं वाटतं. खरं म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात तो आक्षेप आलेलाच असतो. तो तुम्ही आधी मांडलात की त्याचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. फक्त लुटुपुटीचा आक्षेप उभा करून तो पाडू नका.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी, सत्तर-ऐंशी शब्दांत: प्रश्न, तो का पडतो, तुमचं उत्तर. समारोपात 'अशा प्रकारे' म्हणून सगळं पुन्हा सांगायची गरज नाही. उत्तरातून पुढे कुठला प्रश्न उभा राहतो ते सांगा, किंवा शेवटचा मुद्दा पूर्ण झाला तिथेच थांबा.

एक रात्र मध्ये जाऊ द्या

खर्डा झाल्यावर लगेच दुरुस्तीला बसलात तर कागदावर नसलेलं वाक्यही डोळ्यांना दिसतं, कारण ते डोक्यात असतं. एक रात्र जाऊ द्या. मग तीन वेगळ्या फेऱ्या करा, एकाच फेरीत सगळं बघू नका.

पहिल्या फेरीत फक्त सांगाडा. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो काय म्हणतो ते पाच-सहा शब्दांत लिहा. मग फक्त समास वाचा. दोन ठिकाणी तेच आलं तर एक काढा. कुठे काहीच लिहिता आलं नाही, तर तो परिच्छेद काही म्हणतच नाही. अर्धं पान कापलं जाणं या फेरीत सामान्य आहे. मेहनतीने लिहिलेलं खोडताना जीव तुटतो, म्हणून कापलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मी अजूनही ठेवतो, परत कधी वापरला मात्र नाही.

दुसरी फेरी वाक्यांची, आणि ती मोठ्याने वाचून. खोलीत कुणी असेल तर गच्चीवर जा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. 'करण्यात आले', 'दिसून येते', 'च्या माध्यमातून', 'च्या दृष्टिकोनातून', 'मोठ्या प्रमाणावर' या शब्दांभोवती गोल करा आणि प्रत्येक वेळी विचारा: कुणी केलं? किती? "कामे करण्यात आली" मधून कामं करणारी माणसंच गायब होतात. 'भीषण', 'अतोनात', 'महत्त्वपूर्ण' खोडून बघा. अर्थ बदलला नाही तर खोडलेलेच राहू द्या. मी या लेखात 'केलं, गेलं' असं बोलल्यासारखं लिहितो आहे, पण कॉलेजच्या निबंधात 'केले, गेले' हे लेखी रूप धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

तिसरी फेरी शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण १८ आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. सर्वांत जास्त चुका एकाच जागी होतात: मूळ शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असतं आणि प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं. मजूर, पण मजुरांना. विहीर, पण विहिरी. जमीन, पण जमिनीत. 'महत्त्व' मध्ये दोन त. साल, आकडा आणि व्यक्तिनाव मूळ टिपणाशी पुन्हा ताडून पाहा. खर्ड्यात मारलेली फुली जमा केलेल्या निबंधात तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

जमा करण्याआधी

संदर्भ देण्याची पद्धत विभागाने सांगितली असेल तीच वापरा. सांगितली नसेल तर आडनाव, नाव, पुस्तक, प्रकाशक, गाव, साल हा क्रम धरा आणि तो मध्येच बदलू नका. मुलाखतही सूचीत येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून 'दहा टक्के उचललेलं चालतं' असा अर्थ मुलं काढतात. तसा अर्थ नाही. नाव न देता उचललेला एक परिच्छेदही तपासणाऱ्याच्या लक्षात येतो, कारण तिथे तुमची भाषा एकदम बदलते.

हाताने लिहिणार असाल तर स्वतःच्या अक्षरात फुलस्केपच्या एका पानावर किती शब्द बसतात ते एकदा मोजा, म्हणजे दर वेळी मोजावं लागणार नाही. टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेली फाइल मॅडमच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात, आणि तेव्हा रात्रीचे पावणेबारा झालेले असतात. पीडीएफ करा, ती दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का बघा आणि मग पाठवा. टिपणांची वही तोंडी परीक्षा होईपर्यंत रद्दीत घालू नका. "हा ५० लाखांचा आकडा कुठून आणलास?" हा प्रश्न तिथेच विचारला जातो.